जीपमध्ये पुढे बसलेला माणूस

गेल्या वर्षीच्या शिमग्यात माझे वडील पोलिसांच्या जीपमध्ये बसले. पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारी, खिडकीत कोपर टाकून. ही सीट आणि हे कोपर मी पुढे वर्षभर लोकांना समजावून सांगत होतो. पण आमच्या गावात पोलिसांच्या गाडीत बसलेल्या माणसाची सीट कोणी बघत नाही. गाडीत बसला, एवढंच दिसतं.

गाव कोकणात, मुख्य रस्ता सोडून बरंच आत. घरं भरपूर, माणसं कमी. संध्याकाळी चारदोन घरांतून धूर निघतो. बाकीच्या दारांना कुलपं, आणि त्या कुलपांच्या किल्ल्या मुंबईत, परळ-लालबागच्या खोल्यांमध्ये देवाच्या तसबिरीमागे खिळ्याला. पोलीस ठाणं इतकं लांब, की एखादा चोर पकडलाच तर त्याला वाटेत जेवू घालूनच न्यावं लागेल. असल्या गावाचा कारभार गावात बसून कोण करणार? तो डिलाईल रोडवर होतो. आमच्या चाळीत तळमजल्याला गावकीची एक खोली आहे. पूर्वी गिरणीत नोकरीला आलेली एकटी माणसं तिथे वळकट्या टाकून राहायची. आता तिथे महिन्याच्या एका रविवारी मुंबई मंडळाची सभा भरते आणि गावातल्या विहिरीचा गाळ कधी काढायचा, हे ठरतं.

पालखीचंही तिथेच ठरतं. शिमग्यात देवाची पालखी घरोघर जाते. कुलूप असलेल्या घरासमोरही थांबते, ही आमच्याकडची जुनी रीत. पण गेल्या वर्षी मंडळाच्या तरुण मंडळींनी ठरवलं, की बंद घरं वगळायची. सोमवारी सगळ्यांना मुंबईत कामावर हजर व्हायचं असतं, आणि कुलपासमोर देव नाचवून कोणाचं भलं होणार? बाबांना हे गावात गेल्यावर, पालखी उचलल्यावर कळलं. बंद घरं वगळून पालखी पुढे जाऊ द्यायची नाही म्हणून ते वरच्या वाडीच्या पायवाटेवर जाऊन बसले. अक्षरशः मांडी घालून. ऐंशी ओलांडलेला माणूस वाटेत मांडी घालून बसला, की त्याला उचलायची हिंमत कोणाला होत नाही. पालखी काजूच्या बागेतून वळसा घालून पुढे गेली. तेवढ्यात कोणीतरी उत्साहाच्या भरात पोलिसांना फोन लावून ठेवला होता.

जीप आली तोवर भांडणही संपलं होतं आणि पुरणपोळ्याही. हवालदाराने इकडेतिकडे पाहिलं, पाणी प्यायलं आणि गाडी वळवली. बाबा रागाने घरात जाऊन पिशवी भरत होते. या गावात आता एक क्षण थांबायचं नाही, असं ठरलं होतं आणि एस.टी. तर दुसऱ्या दिवशी. त्यांनी बाहेर येऊन हात केला. जीप थांबली. बाबा पुढे बसले, पिशवी मांडीवर घेतली आणि अख्ख्या गावासमोरून निघून गेले.

मुंबईत आल्यावर त्यांनी मला हे अगदी अभिमानाने सांगितलं. मी आधी विचारलं, हे कोणी कोणी बघितलं.

पुढच्याच सभेत ठराव झाला. ज्याच्यावर पोलीस केस आहे, त्याच्या दारात केस मिटेपर्यंत पालखी जाणार नाही. नाव कोणाचंही घेतलं नव्हतं. मंडळाचा चिटणीस माझ्याच वयाचा, माझ्याच शाळेचा. मी त्याला सभेनंतर जिन्यात गाठला.

"कुठली केस रे?"

"काकांना जीपमधून नेलं ना."

"नेलं नाही. ते गेले. लिफ्ट मागितली त्यांनी."

"पोलीस लिफ्ट देतात?"

"दिली ना!"

"मला दाखव बरं, एक तरी माणूस, ज्याला पोलिसांनी लिफ्ट दिली." त्याने खिशातून चष्मा काढला, पुसला, परत ठेवला. "हे बघ, माझं वैयक्तिक काही नाही. केस नसेल तर तसा कागद आण. विषय संपला."

"जी केस नाहीच, तिचा कागद आणू कुठून?"

"ते तू बघ. तूच ना कंपनीत पत्रं लिहितोस?"

तर हे असं होतं. बाबांनी आयुष्यात एकही शिमगा चुकवलेला नाही. गिरण्यांच्या संपात घरात चहाला साखर नव्हती, तेव्हाही उसने पैसे काढून गेले होते. आता पुढच्या शिमग्याला ते आपल्या दारात उभे राहणार आणि पालखी त्यांच्यासमोरून सरळ पुढे निघून जाणार. आणि त्यांच्या वयात त्याच्या पुढचा शिमगा काही कोणी लिहून दिलेला नाही. घरात हे कोणी मोठ्याने बोललं नाही. बाबा दोन दिवस फक्त खिडकीत बसून खालच्या गाड्या बघत राहिले. एरवी ते गाड्यांना शिव्या देतात.

मी लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत पत्रव्यवहार सांभाळतो. सप्लायरला न दुखवता नकार कसा द्यावा, यात माझा हात धरणारा आमच्या मजल्यावर कोणी नाही. तेव्हा माहितीच्या अधिकारात गावच्या पोलीस ठाण्याला अर्ज करायचा हे ठरल्यावर मला, खरं सांगतो, थोडा आनंदच झाला. भोईवाड्याच्या कोर्टाबाहेरून कोर्ट फीचा स्टॅम्प आणला, चांगला कागद घेतला आणि लिहायला बसलो. सुरुवात आमच्या पणजोबांपासून केली. पालखीला पहिला खांदा कोणी दिला, कोणाचा मान कोणता, बंद घराची रीत कशी पडली, हे सगळं पार्श्वभूमी म्हणून आवश्यकच होतं. पाच पानं झाली. बायकोला वाचून दाखवलं. ती शेंगा सोलत होती.

"छान आहे," ती म्हणाली. "पण अर्ज दीडशे शब्दांतच लिहायचा असतो."

"कोण म्हणतं?"

"नियम आहे. आमच्या शाळेत असले अर्ज येतात पालकांचे. दीडशे शब्द, एक विषय."

ती शाळेच्या ऑफिसात आहे. मी नियम शोधून पाहिला. होता. मला दीडशे शब्दांत साधं 'जेवायला येतो' सांगता येत नाही, हे माझ्या नातेवाइकांना माहीत आहे. पणजोबा गेले. मान गेला. काजूची बाग वाचवायचा मी बराच प्रयत्न केला, तीही गेली. शेवटी उरलं ते एवढंच: माझ्या वडिलांवर आपल्या ठाण्यात कोणताही गुन्हा दाखल आहे काय, ते कळवावे.

महिन्याभराने उत्तर आलं. लिफाफ्यावर ठाण्याचा गोल शिक्का, आत अर्धं पान. 'मागितलेली माहिती त्रयस्थ व्यक्तीच्या संदर्भातील असल्याने पुरविता येत नाही.'

मी ते तीनदा वाचलं. मग बाबांकडे बघितलं. त्रयस्थ व्यक्ती पाटावर बसून पेज आणि सुका जवळा खात होती.

"काय म्हणतत?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणतात."

"बरा म्हणतत," बाबा म्हणाले आणि लोणचं मागितलं.

म्हणजे अर्ज बाबांनीच करायला हवा होता, त्यांच्या सहीने. मी लगेच नवा लिहिला, 'माझ्या वडिलांवर'च्या जागी 'माझ्यावर' घातलं आणि पेन त्यांच्या हातात दिलं. बाबांनी चष्मा लावला, वाचलं आणि पेन टोपण लावून परत दिलं.

"मी नाय सही करूचंय."

"का?"

"मी कित्याक इचारू, माझ्यार केस आसा काय म्हणान? ज्यांका वाटता आसा, तेंनी इचारूचा."

"बाबा, त्यांना नाही मिळणार ती माहिती. तुम्हालाच मिळेल."

"मी हात केलंय. गाडी थांबली. मी पुढे बसलंय. ह्याच्यात केस खयसून इली? माका ठावक आसा मी काय केलंय. आता पोलिसाक इचारू, मी चोर आसंय काय म्हणान?"

मी समजावलं. मग जरा आवाज चढवून समजावलं. कंपनीत असं बोललो असतो तर सप्लायरने माल परत नेला असता. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यांचा हा हट्ट मला नवा नाही. पण या वेळी त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि त्याने माझी पंचाईत झाली होती. निरपराध माणसाने मी निरपराध आहे का, असं अर्ज करून विचारायचं, तेही खाली वाकून, स्टॅम्प लावून. कोणाला आवडेल?

तोडगा बायकोने काढला. माझ्याकडून कागद ओढून घेतला आणि गॅसच्या ओट्यावर उभ्याउभ्या लिहून टाकला. त्या दिवशी आपल्या ठाण्याची गाडी आमच्या गावी आली होती. त्या गाडीच्या लॉगबुकची आणि ठाण्याच्या त्या दिवसाच्या स्टेशन डायरीतील संबंधित नोंदीची प्रत मिळावी. संपलं.

"बाबा, हे बघा," ती म्हणाली. "ह्यात तुमचं काही विचारलेलं नाही. गाडीचं विचारलंय."

बाबांनी पुन्हा चष्मा लावला. "गाडीबद्दल इचारूक माका कसली लाज?" म्हणाले आणि सही केली. मोठी, वळणदार, पगाराच्या दिवशी करायचे तशी.

मी बायकोला म्हटलं, "हे माझ्या लक्षात आलंच असतं."

"हो ना," ती म्हणाली. "पणजोबांपर्यंत पोचला होतातच."

या अर्जाला उत्तर आलं नाही. फोन आला. ठाण्यातून कोणीतरी बोलत होता, आवाज दमलेला पण वाईट नाही. आमच्याकडे इन मीन तीन माणसं, एक गाडी, हद्द एवढी मोठी, आणि असला अर्ज इथे कधी आलेला नाही, असं सांगून तो म्हणाला, "काका, तुमच्यावर काहीही नाहीये. मी सांगतो ना. कशाला कागद पाहिजे?"

फोन स्पीकरवर होता. बाबा पुढे वाकले. "तुम्ही सांगतास ता बरा. पण तोंडान सांगलेला चाळीत चलना नाय."

"काका, देवाची शप्पथ."

"देवाकच तर दाखवूचो आसा कागद."

मग तो म्हणाला, बघतो. बघितलं नाही. मुदत संपली. मी म्हटलं, आता राहू द्या, फोनवर तर बोलला ना तो. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी गप्प पहिल्या अपिलाचा नमुना शोधायला बसलो. सही मागितल्यावर भिंतीकडे तोंड करणारा माणूस आता अपिलाच्या सुनावणीला स्वतः जायचं म्हणत होता.

आणि गेलो. रात्रभर बस, सकाळी पोलिसांचं उपविभागीय कार्यालय, बाहेर आंब्याखाली बाकडं. बाबांनी इस्त्रीचं धोतर आणि टोपी घातली होती. मी फाईल आणली होती, तिच्यात कागदांना रंगीत झेंडे लावलेले. कोणी ती बघितली नाही. साहेबांनी बाबांना खुर्ची दिली, ठाण्याच्या माणसाला दोन वाक्यांत झापलं आणि आठवड्याच्या आत प्रती द्यायला सांगितलं. बोलायची वेळ आली तेव्हा बाबा म्हणाले, "गाडी सरकारची. मी बसलंय. तेचो कागद माका होयो." मी चार पानांचं म्हणणं तयार केलं होतं. ते अजून फाईलमध्ये आहे, कोणाला हवं असल्यास.

प्रती रजिस्टर पोस्टाने आल्या. लॉगबुकात गाडी कुठून कुठे गेली ते, आणि कारण 'शिमगा बंदोबस्त'. स्टेशन डायरीत तीन ओळी. पालखीच्या मार्गावरून वाद असल्याचा फोन आला, गावी जाऊन पाहिलं, सर्व शांत, तक्रार कोणाचीही नाही. मग शेवटची ओळ: 'परतताना एका वृद्ध ग्रामस्थास, पाय दुखत असल्याने चालता येत नसल्यामुळे, माणुसकीच्या भावनेतून एस.टी. स्टँडपर्यंत सोडले.'

मी अक्षरशः टाळी वाजवली. केस नाही, तक्रार नाही, वर सरकारी शिक्क्यानिशी लिफ्ट! बायकोने साखर वाटली. बाबा मात्र लाल झाले होते.

"माझे पाय खय दुखत होते?"

"बाबा, ते सोडा ना."

"सोडा काय? मी रागान गेलंय! वाटेत मांडी घालून बसलेलो माणूस मी, आणि ह्यो लिवता, चालूक येयना. माणुसकी म्हणे!" त्यांनी कागद माझ्या हातात कोंबला. "ह्याच्यार परत अपील कर. लिव, पाय बरे होते."

त्यांची समजूत काढायला दोन दिवस लागले. पोलीस डायरीतले पाय दुरुस्त करून मिळत नाहीत, हे त्यांना पटलं, पण कागद मंडळाला दाखवायचा नाही, हेही त्यांनी तिथेच ठरवलं. चाळीत सगळ्यांना कळणार, की म्हाताऱ्याला पोलिसांनी दया येऊन सोडला. त्यापेक्षा केस असलेली बरी, असं ते म्हणाले, आणि मला वाटतं मनापासून म्हणाले.

शिमग्याआधीची सभा आली. बाबा लिफाफा घेऊन खाली उतरले, जिन्याचा कठडा न धरता. मी मागून. आत काय करणार, मला काही सांगितलं नव्हतं. खोलीत सतरंज्या टाकलेल्या, वडे आलेले, अध्यक्ष, खजिनदार, चिटणीस भिंतीला टेकून. विषय निघाल्यावर बाबांनी लिफाफा सगळ्यांच्या मधोमध सतरंजीवर ठेवला. गोल शिक्का वर येईल असा.

चिटणीस पुढे झाला. "अरे वा, आणलात ना काका? मग प्रश्नच मिटला. उघडू?"

बाबांनी लिफाफ्यावर हात ठेवला. "माझो कागद हयसर आसा. पण नियम केल्यात तो सगळ्यांका. केस असलेल्याच्या दारात पालखी नाय. बरोबर? मग प्रत्येकान आपापलो कागद आणूचो, त्याच ठाण्यातसून. मगे सगळे एकदम उघडूया."

कोणीतरी हसलं आणि एकट्यानेच हसतोय हे कळल्यावर थांबलं.

"काका, असं कसं," चिटणीस म्हणाला. "आमचं काय आहे त्यात?"

"नाय ना? मग आणूक कसली भीती? अर्ज कसो करूचो, ता हो सांगात." बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "दीडशे शब्दांत."

मी मान डोलावली. मला खोली दिसत होती. खजिनदाराच्या कुटुंबाने चुलतभावाचा बांध कोरला होता, त्यावरून कुऱ्हाडी निघाल्या होत्या, सगळ्यांना माहीत. अध्यक्षांच्या मेहुण्याच्या घरामागे काय गाळलं जातं, हे तर वासावरूनच कळतं. आणि गेल्या साली पोलिसांना फोन चिटणीसानेच केला, असं चाळीत बोललं जायचं; तो कोणाच्या नावाने नोंदला गेला असेल, हे त्याला एकट्यालाच ठाऊक. त्याने वडा उचलला, परत ठेवला.

"म्हणजे काका, तुम्हाला म्हणायचंय काय?"

"माका कायच म्हणूचा नाय. मी कागद आणलंय."

मग अध्यक्षांनी घसा साफ केला आणि म्हणाले, पोलीस खातं आपलं नाही, देव आपला आहे, तेव्हा ठराव मागे घ्यावा. खजिनदाराने इतक्या चटकन अनुमोदन दिलं की अध्यक्षांचं वाक्यही पुरं झालं नव्हतं.

"पालखी सगळ्यांच्या दारात," चिटणीसाने लिहायला घेतलं.

"बंद घराच्यापण," बाबा म्हणाले.

"काका, आता ते..."

बाबांनी लिफाफा एक वीत पुढे सरकवला.

"बंद घराच्यापण," चिटणीसाने लिहिलं. बाबांनी लिफाफा उचलून बंडीच्या आत घातला. तो तिथून पुढे कुठे गेला, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

यंदाच्या शिमग्यात पालखी आमच्या अंगणात आली. पोरांनी ती चांगली नाचवली, बहुतेक जरा जास्तच, गेल्या वर्षीचं भरून काढायला. बाबा दारात ताठ उभे होते. डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही. उलट पालखी वाकडी धरली म्हणून एकाला झापलं. मग ते पालखीबरोबर निघाले. वरच्या वाडीच्या चढावर, सगळ्यांच्या पुढे, मुद्दाम भरभर, कोणी पायांकडे बघतंय का ते तिरक्या नजरेने बघत. प्रत्येक कुलपासमोर पालखी थांबली. प्रत्येक कुलपासमोर नारळ फुटला.

चिटणीसाला रजा मिळाली नव्हती. त्याचंही दार बंद होतं. पालखी तिथे टेकली आणि घरच्या माणसाच्या वतीने गाऱ्हाणं घालायला कोणी पुढे येईना. सगळे बाबांकडे बघायला लागले. बाबांनी टोपी सारखी केली, नारळ हातात घेतला आणि कुलपासमोर जाऊन उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"ह्या घरचो धनी आज मुंबैत आसा. तेका रजा गावूक नाय म्हणान येवक नाय. दार बंद आसा, पण घर तुझाच आसा."

"व्हय म्हाराजा!"

"तो गेल्या साली माझ्याबद्दल खोटा बोललो. पण तुझाच लेकरू आसा. तेच्या पोराबाळांका सुखी ठेव."

"व्हय म्हाराजा!"

बाबा जरा थांबले. नारळ उंच धरला.

"आणि तेच्यार खयची केस-बिस आसली, तर ती कोणाक न विचारता तूच मिटव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चढावरून खालच्या वाडीपर्यंत आवाज गेला. त्यात सगळ्यात मोठा माझा होता.